स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारात मनाची साथ: निदानापासून पाठपुराव्यापर्यंत

स्तनाचा कर्करोग झाल्याचे घरात कळले की पहिल्याच आठवड्यात त्या बाईच्या कानावर पुन्हापुन्हा पडणारे वाक्य म्हणजे, "तू फक्त पॉझिटिव्ह राहा, बाकी सगळं नीट होईल." म्हणणाऱ्याची माया खरी असते, यात शंका नाही, पण ऐकणारीवर त्याचे ओझे फार होते. रात्री झोप लागली नाही, केमोच्या आदल्या संध्याकाळी रडू कोसळले, देवाचा राग आला, की तिला वाटू लागते, आपल्याला मन घट्ट ठेवता आले नाही म्हणून आता आजार वाढणार. आजाराची भीती असतेच, तिच्यावर अपराधीपणाची भर पडते. म्हणून सर्वांत आधी हा गैरसमज दूर करायला हवा.

या प्रश्नाचा वैद्यकीय अभ्यास पुष्कळ झाला आहे. लढाऊ वृत्तीच्या रुग्ण अधिक जगतात, असे १९७९ साली इंग्लंडमधील एका लहानशा अभ्यासात दिसले आणि ते मत जगभर पसरले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, तिथल्याच संशोधकांनी सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाचा कर्करोग असलेल्या ५७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा लढाऊ वृत्तीचा आयुष्याच्या लांबीशी संबंध आढळला नाही. अतिशय हताश, असहाय झालेल्या स्त्रियांची स्थिती मात्र काहीशी वाईट दिसली. २००१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी आजार शरीरात इतरत्र पसरलेल्या २३५ स्त्रियांचा अभ्यास मांडला. आधारगटात बसून मन मोकळे केल्याने त्यांचे आयुष्य वाढले नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. याचा सरळ अर्थ असा, की रडल्याने गाठ वाढत नाही आणि हसल्याने ती विरघळत नाही. गाठीवर काम करतात ती शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणे. मनाचे काम वेगळे आहे, आणि तेही मोठे आहे: ठरलेल्या तारखेला रुग्णालयात पोहोचणे, रात्री दोन वाजता आलेला ताप न लपवणे, पाच-दहा वर्षे रोज एक गोळी न चुकता घेणे आणि हताशपणा खोल उतरतो आहे असे दिसताच मदत मागणे. या लेखात सकारात्मक वृत्ती म्हणजे एवढेच. चेहऱ्यावर सतत हसू ठेवणे हा तिचा भाग नाही.

पहिली पायरी: निदान पुरते समजून घेणे

अज्ञात गोष्टीची भीती ज्ञात गोष्टीपेक्षा मोठी असते. त्यामुळे मन स्थिर करण्याचा पहिला खरा उपाय म्हणजे आपला रिपोर्ट समजून घेणे. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेली बायोप्सी, म्हणजे गाठीच्या तुकड्याची तपासणी, अशा तीन गोष्टींवर निदान पक्के होते. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे गावात तशीच शहरातही घट्ट आहे आणि तिच्यापायी अनेक बायका मोलाचे महिने घालवतात. बायोप्सीमुळे आजार पसरत नाही. उलट बायोप्सीवाचून योग्य उपचार ठरतच नाहीत.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावे शोधावीत. गाठीच्या पेशींत तपासल्या जाणाऱ्या या तीन खुणा आहेत. पहिल्या दोहोंपैकी एक जरी पॉझिटिव्ह असेल तर गाठीच्या वाढीला हार्मोनची साथ मिळते आहे, आणि ती तोडणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यासाठी ट्रास्टुझुमॅबसारखी नेमके लक्ष्य साधणारी इंजेक्शने आहेत. हर-टूचा निकाल '२+' आला तर तो अर्धवट मानून पुढची फिश चाचणी करावी लागते, हे लक्षात ठेवावे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. त्यात केमोथेरपीचा भार मोठा असतो, पण उपचार नाहीत असे मुळीच नाही. शेजारच्या बाईला जे दिले ते मला का नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा या तीन नावांत आणि आजाराच्या टप्प्यात असते. त्यामुळे दुसऱ्या बाईच्या उपचारांशी आपली तुलना करून मनाला घोर लावून घेऊ नये.

आवश्यक तपासण्यांसाठी दोन-तीन आठवडे गेले तर घाबरू नये. महिने मात्र जाऊ देऊ नयेत. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे सारा महाराष्ट्र धाव घेतो, आणि १९४१ पासूनचे त्याचे काम पाहता ते स्वाभाविकच आहे. तरीही प्रत्येकीने मुंबईतच मुक्काम ठोकायची गरज नाही. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय अशी केंद्रे आहेत. अनेकदा मुंबईत उपचारांचा आराखडा ठरवून घेऊन केमो घराजवळ घेता येते. सहा महिने घरच्या माणसांत राहता आल्याने मनाला जो आधार मिळतो, तो कोणत्याही व्याख्यानाने मिळणार नाही.

ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांनी हा विषय केमो सुरू होण्यापूर्वीच काढावा. संकोचाने तो मागे राहतो, आणि बीजांडे साठवून ठेवण्याची संधी तेवढ्यात निघून जाते. कमी वयात आजार झाला असेल किंवा आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर या कर्करोगांचा धोका घराण्यात पुढे नेणाऱ्या बीआरसीए जनुकांच्या तपासणीबद्दलही याच वेळी विचारावे.

दुसरी पायरी: फाइल आणि पैसा

पैशाची काळजी मनाला आजाराइतकीच पोखरते, म्हणून तिची व्यवस्था आधी लावावी. एक जाड फाइल घेऊन तीत बायोप्सी, स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि पावत्या तारखेनुसार लावाव्यात, आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, कर्करोगासह, योजनेत सामील रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळतात. अशा रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन उपचार सुरू होण्यापूर्वीच तिथे जावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. भरलेले पैसे मागाहून परत मिळतील असे गृहीत धरू नये. रेल्वेत उपचारासाठी जाताना रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाला पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी हजारो कुटुंबांना आसरा दिला आहे. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागू शकते, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्या विभागाची पायरी चढावी. त्यात कमीपणा काहीही नाही.

तिसरी पायरी: कुणाला सांगायचे आणि कोणी काय करायचे

आजार लपवणे हे एक जास्तीचे काम होऊन बसते. सर्वांना सांगायलाच हवे असे नाही. मात्र घरातली माणसे, जिच्याजवळ रडता येईल अशी एक मैत्रीण आणि कामावरचा वरिष्ठ एवढ्यांना तरी सांगावे. बाकीच्या नातेवाइकांचे फोन एका भावाने किंवा नणंदेने घ्यावेत, म्हणजे तीच कथा दिवसातून दहा वेळा सांगावी लागत नाही. "आम्ही आहोत ना" म्हणणाऱ्यांना नेमके काम द्यावे: काकू मंगळवारचा डबा देतील, दीर फाइल घेऊन सोबत येईल, शेजारीण मुलांना शाळेतून आणेल. मुलांपासून आजाराचे नाव लपवू नये. घरात काहीतरी भयंकर चालले आहे हे त्यांना कळतेच, आणि कोणी काही सांगत नाही म्हटल्यावर मूल स्वतःलाच दोषी धरू लागते. लहान मुलाला इतके सांगितले तरी पुरते, की आईला एक आजार झाला आहे, तो कुणाच्या चुकीने झालेला नाही, तिला जवळ घेतल्याने तो लागत नाही आणि औषधाने तिचे केस काही दिवस जाणार आहेत.

नजर लागली, मागच्या जन्मीचे भोग आहेत, हिने मनाला फार लावून घेतले म्हणून झाले, असे बोलणारे भेटतीलच. त्यांना पटवत बसण्यात शक्ती घालवू नये. त्यांची भेट लांबवणे हाच उपचारकाळातला शहाणपणा आहे.

चौथी पायरी: शस्त्रक्रिया आणि हात

पूर्ण स्तन काढला तरच आजार मुळापासून जातो, ही भावना आपल्याकडे प्रबळ आहे. इटलीतील मिलान येथे १९७३ पासून झालेल्या अभ्यासात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची वीस वर्षांनंतरची स्थिती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्यात फरक आढळला नाही. म्हणून "माझ्या बाबतीत स्तन राखता येईल का, नसेल तर का नाही?" हा प्रश्न प्रत्येकीने विचारावा. स्तन काढावाच लागला तर पुनर्रचनेची शस्त्रक्रिया किंवा ब्रामध्ये घालायचा कृत्रिम स्तन हे दोन्ही मार्ग आहेत. आरशात पहिल्यांदा कधी पाहायचे हे तुम्हीच ठरवा. त्या वेळी एकटे राहायचे की नवऱ्याला वा बहिणीला सोबत घ्यायचे, हेही तुम्हीच ठरवा. छातीवरचा व्रण पाहून येणारे रडू हा शोक आहे, आणि शोकाला त्याचा वेळ द्यावा लागतो.

काखेतल्या लसिकाग्रंथी (काखेतल्या गाठी) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताचे व्यायाम हा उपचाराचाच भाग समजावा. फिजिओथेरपिस्ट सांगेल त्या दिवसापासून भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढत जायचे आणि पोहोचलेल्या उंचीवर पेन्सिलीने खूण करायची. काल दुखऱ्या हाताने फोडणीचा डबा वरच्या फळीवरून काढता येत नव्हता आणि आज आला, हा अनुभव मनाला कोणत्याही सुविचारापेक्षा अधिक उभारी देतो. त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. घट्ट बांगड्या दुसऱ्या हातात घालाव्यात, विळीवर किंवा बागेत काम करताना कापू-खरचटू देऊ नये, जखम झालीच तर लगेच धुऊन मलम लावावे, आणि हात जड वाटू लागला किंवा अंगठी रुतू लागली तर थांबून न राहता दाखवावे. त्या हातावर बीपी घ्यायचे की नाही, वजन किती उचलायचे, याचा सल्ला केलेल्या शस्त्रक्रियेप्रमाणे बदलतो. तो आपल्या सर्जनकडून लिहून घ्यावा. जन्मभर हात गळ्यात बांधल्यासारखा जपणे हे मात्र चुकीचे आहे, कारण हालचाल न केल्याने खांदा आखडतो.

पाचवी पायरी: केमोचे महिने

सर्वांत मोठी परीक्षा इथे होते, म्हणून तयारीही इथे सर्वांत जास्त हवी. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असतेच. त्यावर केमोचा दिवस मांडावा आणि तिथून सातव्या ते चौदाव्या दिवसाभोवती लाल पेनाने चौकट आखावी. नेहमीच्या तीन आठवड्यांच्या चक्रात साधारण याच दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या चौकटीत गर्दी, लग्नकार्य, सर्दीवाले पाहुणे टाळावेत, पाणी उकळलेले प्यावे, अन्न ताजे आणि शिजवलेले घ्यावे आणि थर्मामीटर उशाशी ठेवावा. ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस झाला, तर ती तातडीची वेळ समजावी. घरात तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालयात जावे आणि दारातच "केमो चालू आहे" असे सांगावे. पेशी कमी असताना साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. सगळ्यांना त्रास नको म्हणून ताप अंगावर काढणारी बाई आपल्या ओळखीची असते. घरच्यांनी तिला आधीच बजावून ठेवावे, की मध्यरात्री उठवलेस तरी आम्हाला चालेल, पण लपवलेस तर चालणार नाही.

कलेंडरावरची ही आखणी मनालाही उपयोगी पडते. बहुतेक जणींना पहिले तीन-चार दिवस मळमळ, थकवा आणि उदासपणा येतो. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागते. एक-दोन चक्रांनंतर आपला क्रम कळतो, आणि मग वाईट दिवशी "हे आता असेच राहणार" असे न वाटता "हा तिसरा दिवस आहे, परवा उतरेल" असे म्हणता येते. तिसऱ्या आठवड्यात एखादी आवडती गोष्ट ठरवून करावी.

उलटीची औषधे मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता लिहून दिलेल्या वेळीच घ्यावीत. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. तोंड आले तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात, तिखट बंद करावे आणि मऊ खिचडी, वरणभात, नाचणीचे सत्त्व, अंडे यांवर भर द्यावा. प्रथिने कमी पडू देऊ नयेत. साखर सोडली की कर्करोग उपाशी मरतो, अशा सल्ल्याने जेवणच तुटते आणि वजन उतरते, म्हणून तो मानू नये. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने बोटांना मुंग्या येऊ लागल्या, ब्लाउजची बटणे लावता येईनाशी झाली, तर पुढच्या डोसापूर्वी सांगावे, कारण डोस बदलता येतो. काढे, चूर्णे, पानांचे रस यांतली कोणतीही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. काहींचा यकृतावर परिणाम होतो आणि औषधाचे गणित बिघडते. उपचार सोडून फक्त त्यांच्या भरवशावर राहणे तर प्राणघातक ठरते.

केसांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण डॉक्टरांना ते किरकोळ वाटते आणि बाईला नाही. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर, फणीत, न्हाणीघराच्या जाळीत पुंजक्यांनी दिसू लागतात. ज्या समाजात केशवपनाची आठवण अजून पुसलेली नाही, तिथे विरळ डोक्याने हळदीकुंकवाला जाणे म्हणजे काय, हे एखाद्या आजीला विचारावे. केस गळायला लागण्यापूर्वीच ते बारीक कापून घेतले तर गळण्याचा रोजचा घाव कमी बसतो, असे अनेकींचे सांगणे आहे. सुती स्कार्फ, टोपी किंवा विग यांतले काय घालायचे, की काहीच नाही, हा निर्णय जिचा तिचा. कुंकू, मंगळसूत्र, आवडती साडी यांतले काहीही सोडण्याचे कारण नाही, आणि घरातल्या ज्येष्ठ बाईने स्वतःहून हिला पहिले हळदीकुंकू लावले, तर बाकीच्यांची तोंडे आपोआप बंद होतात. औषध थांबल्यावर काही आठवड्यांत केस पुन्हा उगवू लागतात.

सहावी पायरी: मनाचे दुखणे वेळीच ओळखणे

रोज थोडे चालणे हा थकव्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. केमोच्या दिवसांत दहा मिनिटांपासून सुरुवात करून पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. योगासने आणि श्वसनही झेपेल तसे करावे. दिवसातला अर्धा तास काळजीसाठीच राखून ठेवून, मनात येईल ते सारे वहीत लिहून काढल्याने रात्री मोकळ्या जातात. उपचार संपवून पाच-सात वर्षे झालेल्या एखाद्या बाईशी बोलणे तर फारच मोलाचे असते. रुग्णालयातील समाजसेविका अशी गाठ घालून देतात.

तरीही सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप तुटली असेल, उपचार नकोसे झाले असतील किंवा जगू नये असे वाटत असेल, तर तो कमकुवतपणा मानू नये. तो नैराश्याचा आजार आहे आणि त्याला औषध आहे. आपल्या रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची साथ तोडणारी गोळी चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्यांनी त्याचा परिणाम घटू शकतो. दुसरे चांगले पर्याय उपलब्ध आहेत.

सातवी पायरी: किरणोपचार, गोळ्या आणि पुढची वर्षे

किरणोपचार दुखत नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी ते पंधरा-सोळा सत्रांत, तीन आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतात. त्वचा काळवंडते, म्हणून सैल सुती कपडे घालावेत आणि तिथे काहीही विचारल्याशिवाय लावू नये. अंगात किरणे उरत नाहीत, त्यामुळे मुलांना आणि नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे.

ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रियांसाठी पुढची पाच ते दहा वर्षे टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी असते. रुग्णालय सुटलेले, केस आलेले, लोक विसरलेले, आणि रोज ही एक गोळी आजाराची आठवण देते. अनेक जणी इथेच थांबतात. अंगात गरम वाफा येणे, सांधे दुखणे, योनीचा कोरडेपणा यांवर उपाय आहेत, म्हणून गोळी परस्पर बंद न करता तक्रार सांगावी. नवराबायकोच्या संबंधांतील अडचण हीसुद्धा डॉक्टरांना सांगण्यासारखीच तक्रार आहे. टॅमॉक्सिफेन घेताना गर्भ राहू देऊ नये. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला किंवा एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, तर लगेच दाखवावे. लेट्रोझोल घेणाऱ्यांनी हाडांची तपासणी करून घ्यावी.

पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, मग दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा तपासणी आणि दरवर्षी मॅमोग्राफी, असा सर्वसाधारण क्रम असतो. काही त्रास नसताना दरवेळी पेट स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर ही रक्ततपासणी करून घेण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. त्याने जीव मात्र टांगणीला लागतो. आजार परत येण्याची भीती तपासणीच्या आधीच्या आठवड्यात उसळतेच. तिच्यासाठी एक नियम उपयोगी पडतो: नवी गाठ, हाडात एकाच जागी सतत दुखणे, खोकला, धाप, न कळणारे वजन घटणे यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तारखेची वाट न पाहता दाखवायचे. धाप वाढत असेल किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या, फीट असे काही झाले, तर त्याच दिवशी जायचे.

आजार परत आला, किंवा निदानाच्या वेळीच तो चौथ्या टप्प्यात, म्हणजे शरीरात इतरत्र पसरलेला असला, तर "तू पॉझिटिव्ह राहिली नाहीस" हा आरोप तिच्यावर कुणी करू नये आणि तिनेही तो स्वतःवर घेऊ नये. या टप्प्यातही वर्षानुवर्षे आजार आटोक्यात ठेवणारे उपचार अनेकींना मिळतात. वेदनाशामक उपचारांचा विभाग शेवटच्या दिवसांसाठीच असतो असे समजून तिकडे जाणे टाळू नये. निदानानंतर लवकरच तिथे नाव नोंदवावे. मॉर्फिनच्या गोळ्या योग्य देखरेखीखाली सुरक्षित असतात, आणि दुखणे थांबले की झोप, जेवण आणि बोलणे परत येते. याच काळात बँकेतील नामनिर्देशन, विमा, मृत्युपत्र आणि मुलांच्या शिक्षणाचे कागद शांतपणे उरकून घ्यावेत, आणि पुढचा कोणता उपचार घ्यायचा व कुठे थांबायचे हे डॉक्टरांसमोर बसून तिच्याच तोंडून ऐकावे.